एक लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे सोळा

लासुर्ण्याच्या संभाजीरावांची गाडी माझ्याकडं पहिल्यांदा आली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं वर्कशॉप आहे. एक शेड, एक लिफ्ट आणि कपाटभर मीटर. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला मी नऊ वर्षं फक्त गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स बघितली. इथले मेकॅनिक कामात चांगले, पण वायरिंगचं किचकट दुखणं आलं की गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवतात. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या तर हमखास.

ही गाडी अठरा वर्षांची होती. दार उघडून साठीचे गृहस्थ आधी काठी बाहेर टेकवून उतरले. शेजारून त्यांच्या पत्नी लीलाबाई उतरल्या.

"अबोलीताई तुमीच का?" ते म्हणाले. "गाडी तिसऱ्या गिअरलाच अडकून बसतीय. धक्का मारती आन् दिवा लागतो. बंद करून चालू केली की बरी."

शुगरमुळं संभाजीरावांचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नव्हती, म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरांची ही जुनी ऑटोमॅटिक त्यांनी मुद्दाम घेतली होती. शेतावर जायचं, कारखान्यावर जायचं, इंदापूरला मुलीकडं जायचं, सगळं हिच्यावर.

मी स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये एकच कोड होता, गिअर बदलणाऱ्या सोलेनॉईडचा. असा बिघाड होतो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाचे आकडे नोंदवून ठेवतो. म्हणजे फोटोच म्हणा. मी ती नोंद उघडली. गिअर तिसरा. वेग एक्केचाळीस. ॲक्सिलरेटर शून्य, ब्रेक शून्य. इंजिनचे फेरे शून्य. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान चोवीस. किलोमीटर एक लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे सोळा.

मी डॅशबोर्डवर पाहिलं. गाडी एक लाख सत्तेचाळीस हजार नऊशे चारवर होती.

मेमरी बिघडली की असं काहीबाही दिसतं. शिवाय बंद इंजिनची गाडी चाळीसच्या वेगानं कशाला पळेल, आणि चालत्या गाडीचं तेल इतकं थंड कसं राहील? मी नोंद पुसली आणि कामाला लागले.

खरा बिघाड दुपारपर्यंत सापडला. गिअरबॉक्समधलं तेल वायरीच्या आवरणातून झिरपत कॉम्प्युटरच्या कपलरपर्यंत चढलं होतं. दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या बदलल्या, वायरी नव्या जोडल्या, सोलेनॉईड नवा टाकला. मग मी गाडी कन्हेरीकडनं पिंपळीपर्यंत फिरवून आणली. लोण्यासारखे गिअर पडत होते. दहा दिवसांनी तपासायला आणा म्हणून सांगितलं.

दहा दिवसांनी नवरा-बायको वेळेवर आले. संभाजीराव खुशीत होते.

"एकदाबी अडकली न्हाय बघा. तीनदा इंदापूर केलं."

मी सवयीनं स्कॅनर लावला. दिवा लागलेला नव्हता, तक्रार नव्हती, पण कोड होता. नोंद तीच. तिसरा गिअर, एक्केचाळीस, शून्य, शून्य, शून्य, चोवीस. किलोमीटर तीनशे सोळा. गाडी आता एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे चोपन्नवर होती. बासष्ट राहिले होते.

मी दोनदा पुसली. स्विच बंद करून चालू केला की ती परत येई. शेवटी कपाटातला दुसरा कॉम्प्युटर काढला. भंगारातल्या तशाच गाडीचा होता तो, पण मी तो टेबलावर संपूर्ण रिकामा केला होता आणि रिकामा असल्याचं तपासलं होतं. तो बसवला, चावी फिरवली.

नोंद होती.

मी थोडा वेळ गाडीतच बसून राहिले. माझ्या कामात एक बरं असतं, प्रत्येक खोट्या आकड्यामागं एक खरी वायर असते. ती सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच. इथं मला शोधायला जागाच उरली नव्हती. गिऱ्हाईकाला सांगावं की नाही हेही कळेना. सांगितलं तर वेड्यात काढतील. न सांगता गाडी दिली, तर ते बासष्ट किलोमीटर मला मोजत बसावे लागतील.

मी बाहेर आले आणि दोघांना सगळं सांगितलं.

संभाजीरावांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजी अजून झालं न्हाय ते आधीच लिवून ठिवलंय?"

"मेमरीचा दोष असू शकतो, तात्या."

"दोन्ही डब्यांत सारखाच दोष?"

मी काढून ठेवलेला कॉम्प्युटर त्यांच्यापुढं ठेवला.

"मग ऱ्हाऊ दे हितंच," लीलाबाई म्हणाल्या. "गाडी काय जिवापरीस जास्त हाय का?"

संभाजीरावांनी काठी दोन्ही हातांत धरली. "पाय गेला तवा दोन वरीस मी वट्ट्यावर बसून काढली. कुणी नेलं तर जायचं, कुणी आणलं तर यायचं. लेकीच्या घरी बारसं झालं, ते मी फोनवर बघितलं." ते बायकोकडं बघत नव्हते. "ताई, हिला ठिवून दिली तर मीबी ठिवल्यागतच. काय करायचं ते करा, पण मला गाडी पायजे."

ते मला पटलं आणि पटलं म्हणूनच पुढचं सुचलं. गाडीला तो किलोमीटर ओलांडायचा होता. तो रस्त्यावरच ओलांडायला हवा असं कुठं होतं? मीटर चाकं मोजतो, रस्ता नाही. गाडी लिफ्टवर उचलायची आणि चाकं हवेतच फिरवायची. आत कोणी बसायचं नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. चाकं जमिनीपासून वीतभर सुटतील इतकी गाडी उचलली. ॲक्सिलरेटरवर विटेचा तुकडा ठेवला, गिअर डी मध्ये टाकला, दारं लावून घेतली. इंजिन तापू नये म्हणून समोर मोठा पंखा लावला. स्कॅनरची लांब वायर खिडकीतून बाहेर घेतली आणि आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो.

पुढची दोन चाकं साठच्या वेगानं फिरत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. लीलाबाईंनी पिशवीतून डबा काढला, आम्हाला एकेक धपाटं दिलं. संभाजीराव उसाबद्दल बोलत होते. कारखाना, साखरेची रिकव्हरी, यंदाची लागण. मी हं हं करत स्कॅनरवर बघत होते. सगळे आकडे ठीक होते. तेल अठ्ठ्याहत्तर अंशांवर स्थिर.

तीनशे दहा झाले तेव्हा संभाजीराव बोलायचे थांबले.

तीनशे चौदा.

तीनशे पंधरा. ते एक मिनिट फार लांबलं.

तीनशे सोळाचा आकडा पडला आणि इंजिन बंद पडलं.

शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज राहिला. मी सुटकेचा श्वास घेणार तोच माझं लक्ष चाकांकडं गेलं. ती फिरत होती. वेग कमी झाला होता, पण एका जागी येऊन थांबला होता. एक्केचाळीस.

स्कॅनरवर इंजिन शून्य. गिअर तिसरा. ॲक्सिलरेटर शून्य. मी उठून खिडकीतून पाहिलं, वीट पेडलवरच होती, ठेवली तशीच.

तेलाचा आकडा उतरू लागला. सत्तर. बावन्न. अडतीस. इतकं तेल निवायला दोन तास लागतात.

चोवीस.

चाकं हळू झाली नाहीत. ती एकदम थांबली, कुणीतरी दोन्हीकडून धरावीत तशी. लिफ्टचे खांब करकरले.

मी पंखा बंद केला. मग टप टप आवाज यायला लागला.

दारांच्या खालच्या फटींतून पाणी गळत होतं. आधी थेंब, मग धार. मी गाडी खाली घेतली आणि ड्रायव्हरचं दार उघडलं. पाणी माझ्या पायांवर आलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, पाणी मात्र गार होतं. त्यात शेवाळाचे तंतू होते.

संभाजीराव वाकले, ओंजळ भरून वास घेतला.

"कालव्याचं हाय," ते म्हणाले.

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. संभाजीरावांनी खुर्चीवर टेकून मोठा श्वास सोडला, बराच वेळ धरून ठेवलेला सोडावा तसा, आणि त्यांना खोकला आला. तो लवकर थांबेना.

दुपारभर मी गाडी वाळवली. कोड नव्हता, पुन्हा पुन्हा बघूनही नव्हता. इंजिन एका चावीत सुरू झालं. मी माझ्या गाडीनं त्यांच्या मागं लासुर्ण्यापर्यंत गेले. कालव्याकडेच्या रस्त्याला ते सावकाश, नीट चालवत होते. दारात उतरून त्यांनी मला हात जोडले. परतताना मला हलकं वाटत होतं. ते कसं झालं हे माहीत नव्हतं, पण जे व्हायचं होतं ते माझ्या शेडमध्ये, रिकाम्या गाडीला होऊन गेलं होतं. तेवढं पुरे, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाईंचा फोन आला.

"ताई, ह्यांचं बरं हाय. च्या पिऊन बसलेत. पन एक इचारायचं व्हतं. काल तितं हे कुठं पडलं, आपटलं न्हाईत ना?"

"नाही काकू. तुमच्या शेजारीच बसले होते की."

"व्हय. मीबी तेच म्हणते. उजव्या खांद्यापास्नं डाव्या कमरंपतोर काळानिळा पट्टा उठलाय. गाडीचा पट्टा असतो ना, तेवढाच रुंद."

पलीकडं बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

"आन् दोन्ही हातांच्या नखांत गाळ हाय," त्या हळू म्हणाल्या. "सकाळधरनं तीनदा धुतले. निघंना झालाय."