न चढलेली जीप

"मामा, जीप चढत नाहीये. लगेच या."

भाचीचा फोन. मामाने उसासा टाकला. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्यांखाली सरपटून गुडघ्यांचं भुस्कट झालं होतं. तरी तो निघाला.

भाची जनावरांची डॉक्टर. येत्या सोमवारी डोंगरातल्या दवाखान्यात रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पहिलीच गाडी, तीही वीस वर्षांची. "जुनी कुठेही दुरुस्त होते, मामा," म्हणत तिने होती नव्हती ती शिल्लक ओतली होती.

गॅरेजमागच्या चढावर जीप अडली होती. चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकलेला. मागची चाकं माती उडवत होती, पुढची ढिम्म. पुढच्या बाजूला खालून कटकट आवाज.

"गेल्या रविवारी इथेच सरसर चढली होती!" भाची रडकुंडीला आली.

त्यानंतर जीप दोनच ठिकाणी होती. सोमवारी दिवसभर या गॅरेजात, मागचे ब्रेक बदलायला. मग चार दिवस जुन्या मालकाच्या शेडमध्ये, कागदपत्रं होईपर्यंत.

तो जुना मालक तिथेच घुश्शात उभा होता.

"तुमच्याकडे अशीच दुसरी जीप आहे म्हणे?" मामाने विचारलं.

"नुसता सांगाडा हो! त्यात कोंबड्या बसतात. त्यांना कुठला डोंगर चढायचाय?"

मिस्त्री हात पुसत आला. "मी डॉक्टरीणबाईंना म्हणालोच होतो, मालकावर नजर ठेवा."

"तुम्ही पुढचं काही खोललंत?"

"हात नाही लावला, साहेब. गाडी माझ्याकडे आलीच पहिल्यांदा. फक्त मागचे ब्रेक केले."

मामा गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला. पुढच्या ॲक्सलच्या मधोमध गिअरची गोल पेटी. झाकणाला दहा बोल्ट. प्रत्येकावर बारीक पिवळी रेघ, बोल्टच्या डोक्यावरून झाकणावर उतरलेली. मागच्या ब्रेकच्या बोल्टांवरही तशीच. भाचीने हात देऊन त्याला उठवलं.

"मिस्त्री, मागे पिवळ्या रेघा कसल्या?"

मिस्त्रीची छाती फुगली. "माझी पद्धत. बोल्ट आवळून झाला की रेघ. नंतर तो जरा फिरला तरी रेघ तुटते. गावात दुसरं कोणी करत नाही. वडिलांनी लावलेली सवय. रेघ ओढल्याशिवाय हात थांबत नाही."

मामा जुन्या टायरवर टेकला. त्याला बोलायचाही कंटाळा आला होता.

"दांडा ठीक आहे. पुढे जाणारा शाफ्टही फिरतोय, म्हणून तर कटकट होतेय. तरी चाकं फिरत नाहीत, म्हणजे पेटीतल्या गिअरचे दाते गेलेत. रविवारी ते शाबूत होते. पेटीच्या दहाही बोल्टांवर तुमची रेघ आहे, मिस्त्री. म्हणजे ती तुम्हीच उघडलीत, सोमवारी. आणि एकही रेघ तुटलेली नाही. तुमच्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. यांनीही नाही."

मालकाने मोठा श्वास सोडला.

"दुसऱ्या गिऱ्हाईकाची जीप चार महिने पडून आहे," मिस्त्री अखेर म्हणाला. "हा गिअर कुठे मिळेना. रोज येऊन शिव्या घालतो. म्हणून हिचा काढून घेतला आणि त्याचा तुटका हिच्यात घातला. उद्या बसवणार होतो."

"मग अजून इथेच आहे. आणा, आणि पेटी खोला. आत्ता."

दुपार सरली. मिस्त्रीने दहावा बोल्ट आवळला. हात सवयीने रंगाच्या डबीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

भाची वाकून बघत होती. "ओढा रेघ," ती म्हणाली. "दर महिन्याला खाली शिरून बघणार आहे मी."