धुराची चाकोरी

निनाद कुडाळकरच्या पडद्यावर आकड्यांचं एक कोष्टक उघडं होतं आणि त्या आकड्यांवर उज्ज्वला केरकरचा जीव टांगलेला होता.

साताऱ्याजवळच्या नियंत्रण कक्षात दुपारचा चहा तसाच गार झाला. उज्ज्वला शनीच्या चंद्रावर, टायटनवर, गाडीत एकटीच. तळाकडे परत निघाली होती आणि वाटेत झडप गळून तिची प्राणवायूची एक टाकी रिकामी झाली. तळावर माणसं होती, पण दुसरी गाडी नव्हती.

टायटनवर सगळं उलटं. आपल्याकडे प्राणवायू हवेत आणि इंधन टाकीत. तिथे हवेतच इंधन, म्हणजे मिथेन. टाकीत न्यायचा प्राणवायू. इंजिन जो पितं, त्यातलाच बाईने श्वास घ्यायचा. म्हणून हे कोष्टक. इंजिन किती जोरात फिरतंय आणि त्याच्यावर ओझं किती, यावरून एक घर ठरतं. त्या घरातला आकडा सांगतो, आत्ता प्राणवायू किती सोडायचा. गाडी चालते तशी तिची नोंद येत राहते आणि त्या नोंदीवरून घराघरातला आकडा सुधारायचा. हे काम निनाद कोल्हापुरात मित्रांच्या बाइकवर, एक-दोन इंजिनांची वाट लावून, आपला आपणच शिकला होता.

"टेकड्यांमधून सरळ जाऊ दे तिला," रेश्मा तांबोळी म्हणाली. ती मोहिमेची रसायनतज्ज्ञ. "जाताना चाकांनी पाडलेल्या चाकोरीने गेली तर केवढा वळसा आहे."

"सरळ गेली तरी पुरत नाहीये गं."

"मग सोड ना कमी प्राणवायू!"

"तुला काय वाटतं, गॅसचं बटण आहे? हवेत मिथेन विरळ आहे. धड पेटत नाही, इंजिन खोकतं. आणि न जळलेला प्राणवायू फुकट धुरातून बाहेर. धूरनाकाचे आकडे बघ."

धूरनाक म्हणजे धुराच्या नळीतला संवेदक. धुरात किती प्राणवायू वाया चाललाय, ते हुंगून सांगणारा.

तेवढ्यात उज्ज्वलाचा निरोप आला. निघाल्यापासून इथे पोचायला सव्वा तास लागलेला.

"काय रे निन्या, झोपलास का? टेकड्यांच्या पायथ्याशी थांबलेय. सरळ जाऊ की चाकोरीने, लवकर सांग. आणि इंजिनला काय केलंस? जाताना म्हाताऱ्यासारखं खोकत होतं, येताना गाणं म्हणतंय!"

निनादने कपाळाला हात लावला. "मी काहीच केलेलं नाही."

"म्हणजे?"

"ती गेल्यापासून नवीन कोष्टक पाठवलेलंच नाही."

त्याने कच्ची नोंद उघडली. एरवी तो ती बघायचा नाही. एका घरात शंभर नोंदी आल्या की सरासरी काढायची आणि कोष्टक खडबडीत दिसलं की त्यावर इस्त्री फिरवायची. इस्त्री हा त्याचाच शब्द, आणि त्याचा त्याला जरा अभिमानही होता. आता इस्त्रीच्या खालचं दिसलं. एकाच घरात नोंदींचे दोन ढीग. एक जातानाचा: प्राणवायू वाया. दुसरा येतानाचा: वाया जवळजवळ शून्य. मधे काहीच नाही. आणि सरासरी नेमकी त्या मधल्या रिकाम्या जागेत!

"हवा बदलली असेल," रेश्मा म्हणाली.

"नाही. हे बघ, इथे ती दगड बघायला बाजूला वळली. लगेच खोकला. परत चाकोरीत आली, खोकला बंद. मिथेन फक्त चाकोरीत दाट झालाय. जिथून आपण गेलो, तिथेच."

रेश्मा खुर्चीत मागे टेकली.

"जाताना अर्धवट जळत होतं ना? तशा धुरात ॲसिटिलीन जातं. हायड्रोजन जातो."

"बरं मग?"

"टायटनवर ते कुणी खाल्लं, तर त्याच्या उच्छ्वासातून मिथेन निघेल. हे कागदावर आहे, कधीपासून. पाहिलेलं कुणी नाही."

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणी, निनाद."

वर्षभर तो कोष्टकातल्या सुरकुत्या मोडत बसला होता, आणि त्या सुरकुत्यांमध्ये कुणीतरी श्वास घेत होतं.

पण अंदाज चुकला तर उज्ज्वला त्या वळशाच्या मधोमध संपणार होती. रेश्माने त्याच्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. त्याने माइक ओढला.

"ताई, सरळ जाऊ नकोस. चाकोरीतच राहा. लांब पडू दे. आपला धूर कुणीतरी खाल्लाय आणि त्याबदल्यात वाटभर इंधन ठेवलंय."

मग वाट बघणं. संध्याकाळ झाली तशा नोंदी यायला लागल्या. चाकोरी. वाया शून्य. पुन्हा चाकोरी. पुन्हा शून्य. रेश्मा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती, आरती म्हणावी तशी. शेवटी आवाज आला.

"पोचले रे! दारात उभी आहे. टाकीत अजून शिल्लक आहे, बोल! सगळी वाट मागे वळून बघत होते. काही दिसत नाही रे. नुसती नारिंगी माती. पण एकटी नव्हते मी." ती जरा थांबली. "इंजिन बंद करू?"

कक्षात टाळ्या पडल्या. निनादने डोळे पुसले, आणि मग त्याचा हात थबकला.

"रेश्मा, येताना सगळं स्वच्छ जळलं."

"हो."

"म्हणजे येताना आपण त्यांच्यासाठी काहीच ठेवलं नाही. त्यांचं दिलेलं वापरलं आणि आलो. आणि मी कोष्टक जेवढं चांगलं करीन..."

"...तेवढे ते उपाशी," रेश्मा म्हणाली.

तळावर बर्फापासून बनवलेला प्राणवायू हवा तेवढा होता. निनादने माइक जवळ घेतला. "बंद करू नकोस ताई. टाकी भरून घे आणि दारातच चालू ठेव. नवीन कोष्टक पाठवतोय."

गाडी जागच्या जागी धडधडते त्या वेळचं घर त्याने शोधलं. त्यातला आकडा त्याने अगदी विचार करून बिघडवला, आणि इस्त्री न फिरवता पाठवून दिला.

सव्वा तासाने, शनीच्या चंद्रावर, तळाच्या दारात, गाडी पुन्हा खोकायला लागणार होती.