जुन्या गावठाणातलं कण्हणं

संगिताला सकाळपासून कळा येत होत्या आणि बाळ अडलं होतं. तिचा भाऊ अमरसिंग दुपारी पुसेगावात येऊन थडकला तो हेच सांगत. नर्स शीतलनं बॅग भरली आणि त्याच्या जुन्या मोटरसायकलवर मागं बसली. सडकेनं मोठा वळसा पडत होता. सागाच्या जंगलातून ओढा ओलांडला की अमरसिंगचा बंजारा तांडा जवळ. भादव्याची झड नुकतीच थांबली होती. दोघांनी जंगलाची वाट धरली.

ओढ्याचं पाणी गुडघाभर वाटलं होतं. मध्यावर चाक खड्ड्यात गेलं. गाडी कलंडली! शीतल कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, बॅग डोक्यावर धरून. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. ढकलत, घसरत त्यांनी गाडी पलीकडं काढली. वळून पाहिलं, तर मघाशी पाय दिलेला खडक दिसेना. पाणी चढत होतं. मागची वाट बंद झाली होती.

समोर जुनं गावठाण होतं. एका पुरानंतर अख्खं गाव दूरच्या माळावर हललं, ते परत आलंच नाही. बिनछपराच्या भिंती, भिंतींतून उगवलेल्या बाभळी, एका चौकटीला अजून लटकलेलं दार. दिवस मावळायला अवकाश होता, तरी ढगांखालचा उजेड राखेसारखा झाला होता. एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

अमरसिंग किक मारत राहिला. पायी निघू या, असं शीतलनं सुचवलं. पुढच्या चिखलात अंधार गाठेल, असं तो म्हणाला.

तेवढ्यात कुणीतरी कण्हलं. आवाज भिंतींमागून आला आणि तोंड दाबल्यासारखा मध्येच तुटला.

"ऐकलं का?" शीतलनं विचारलं.

"तिकडं ध्यान देऊ नका बाई," तो मान वर न करता म्हणाला. "इथं कोणी राहत न्हाई."

त्यानं प्लग काढला. त्यातून पाणी ठिबकलं. शीतलनं बॅगेतला कापूस स्पिरिटमध्ये भिजवून दिला. त्यानं प्लग पुसला, फुंकला, पुन्हा पुसला. प्लगविना किक मारली तशी इंजिनातून पाण्याची चिळकांडी उडाली. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तर पेट्रोलबरोबर पाण्याचे थेंब गळाले. दोघांनी मिळून पुढचं चाक उचललं. सायलेन्सरमधून गढूळ धार लागली.

पुन्हा तेच कण्हणं! या वेळी अधिक लांबलेलं. अमरसिंगच्या हातून प्लग चिखलात पडला. त्यानं तो घाईनं उचलला. शीतलनं नवा कापूस पुढं केला.

प्लग बसला. किक. काहीच नाही. किक. धुराचा लोट उठला आणि इंजिन सुरू झालं!

बाई, लवकर बसा, असं तो ओरडला. शीतलनं पाय टाकला आणि ती थबकली. इंजिनाच्या आवाजात ते कण्हणं बुडालं होतं. पण ते असं चढत जाऊन तुटणारं कण्हणं तिनं कितीतरी घरांत, बाजेशेजारी बसून ऐकलं होतं.

"भाऊ, गाडी बंद करा."

"आता बंद केली तर परत चालू व्हायची न्हाई."

"ठाव हाय. तरीबी करा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि चावी फिरवली. शांतता पसरली. मग कण्हणं आलं, आणि त्यात एक शब्द होता. याडी. आई.

अमरसिंग धावत सुटला.

पडक्या शाळेच्या दारात त्याची आई जमनाबाई विळा उगारून उभी होती. तिच्यामागं गोधडीवर संगिता तळमळत होती. वाट पाहून थकलेले घरचे तिला बैलगाडीत घालून पुसेगावला निघाले, गाडीचा आख इथंच मोडला, आणि जावई मदत आणायला माघारी गेला होता. ओसाड गावात माणसांचे आवाज ऐकून जमनाबाईनं लेकीच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

शीतल गुडघ्यांवर बसली. बाळाचे पाय आधी येत होते. तिनं एकच सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच जोर लाव. बाहेर पाणी घोंगावत होतं. अंग आलं. खांदे आले. डोकं अडलं. शीतलच्या कपाळावरून घाम ओघळला. मग बाळ तिच्या हातात आलं, निळसर, निपचित. तिनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. पुन्हा चोळली.

बाळ रडलं! त्या मोकळ्या भिंतींतून तो आवाज थेट ओढ्यापर्यंत गेला.

"मला वाटलं, भुतं भांडून राहिली," जमनाबाई अखेर म्हणाली, आणि दमलेली संगिता हसली.

अमरसिंगनं बाहेर जाऊन किक मारून पाहिली. गाडी चालू झाली नाही. कुणालाच आता घाई नव्हती.