मागचं डावं दार

कट्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज आला आणि मी बादली घेऊन नळाकडे धावले.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळ कुणी बंद करत नव्हतं. तोटी उघडी सोडायची आणि खाली स्टीलचं ताट पालथं घालायचं. पाणी आलं तर पहिला थेंब ताटावर वाजावा, घरातल्या कुणाला तरी जाग यावी, एवढ्यासाठी. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं. आम्हा उदगीरकरांच्या वाट्याला टँकर, नाहीतर हे ताट.

ताट कोरडं होतं. त्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

कट्. कट्.

आवाज अंगणातून येत होता. तिथं लिंबाच्या झाडाखाली आमची पिकअप उभी होती. पुढं दोन सीटं, मागं तिघांचं बाकडं आणि त्यामागं माल टाकायचा हौदा. मी जवळ गेले तसा आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. मागच्या डाव्या दाराची आतली कडी मात्र अर्धवट ओढलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती सावकाश जागेवर गेली.

उन्हानं प्लास्टिक तडकलं असेल, असं म्हणून मी घरात आले. माझी लहानगी लेक शांभवी माझ्या चादरीच्या कडेला निजली होती. तिच्या कपाळावरचे केस सारून तिथंच बसून राहिले.

गाडी आम्ही आदल्या दिवाळीत घेतली. शोरूमला सासरे सोबत होते. सिद्रामप्पा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आप्पा. हाडापेरानं उंच माणूस, बसला की गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत. प्रत्येक गाडीत ते आधी मागं बसायचे आणि गुडघा नि पुढची सीट यांच्या मध्ये आपली मूठ घालून बघायचे. मूठ बसली तर ती माणसांची गाडी, नाही बसली तर पोत्यांची. या पिकअपमध्ये मूठ बसली नाही. पण आमच्या ह्यांना तुरीच्या डाळीचे कट्टे न्यायचे होते आणि पाण्याच्या टाक्याही आणायच्या होत्या.

"घे बाबा मलप्पा," आप्पा उतरता उतरता म्हणाले. "मी मेल्यावर बसतो मागं. तवा काय गुडघं दुखायचे न्हाईत."

विकणारा पोरगाही हसला होता.

माघात आप्पा नांदेडच्या दवाखान्यात वारले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उन्हं कलायची होती. ॲम्ब्युलन्सवाला आडवं न्यायचं म्हणत होता. पण आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. रस्ता लांबचा, वाटेत अंग ताठलं तर बसवणार कसं? शेवटी ह्यांनी पिकअप दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी लावली. माझे दीर गुरुपादप्पा आणि हे, दोघांनी आप्पांना डाव्या खिडकीशी बसवलं. मांडी घातली, उपरण्यानं पाठ सीटला बांधली. पुढची सीट खालचा दांडा ओढून होती नव्हती तेवढी पुढं सरकवली, तेव्हा कुठं गुडघे मावले.

"खड्ड्यात हात आपटला अन् दार उघडलं तर?" सासूबाई गौरम्मा म्हणाल्या.

गुरुपादभाऊजींनी दाराच्या कडेला, कुलपाच्या खालचा बारका खटका बोटानं दाबला. लहान पोरांसाठी असतो तो. एकदा दाबला की आतून कडी कितीही ओढा, ती नुसती सैल वाजते. दार उघडतं ते बाहेरून, दुसऱ्या कुणी उघडलं तरच.

मी पुढच्या सीटवर बसले, शांभवी मांडीवर. कंधार गेलं, जळकोट गेलं. प्रत्येक गतिरोधकावर आप्पांचे गुडघे सीटमधून माझ्या पाठीला लागत होते. शांभवी मागं वळून बघायची.

"आज्जा झोपलेत?"

"हाव, बसून झोपलेत," सासूबाई त्यांचा खांदा धरून म्हणाल्या. "तू फुडं बघ, माय."

मातीला बायका जात नाहीत आमच्यात. पुढचं मला ह्यांच्या तोंडून कळलं, रात्री मोरीत हात धुताना. तांब्याभर पाण्यात तिघांचे हात धुवायचे होते. हे म्हणाले, वरची वीतभर माती निघाली, मग मुरूम, मग नुसता खडक. टिकाव मारला की उडायचा. आप्पांना आत उतरवलं तर समोरच्या भिंतीला गुडघे टेकले. मातीला आलेल्या मठाच्या स्वामींनी थांबवलं, म्हणाले, "मलप्पा, गुडघं अडकायलेत. बसणाऱ्याला जागा पाहिजे." पण दिवस बुडायला आला होता. खोदायची मशीन मिळत नव्हती. गुडघे दाबून, जरा वर उचलून बसवले आणि माती लोटली.

"पाऊस पडून गेला की बघू म्हणलो," हे म्हणाले.

त्यानंतर पुढची सीट सरकायला लागली.

सकाळी हे गाडी काढायला जायचे तर डावी सीट पुढं, पार डॅशबोर्डला टेकलेली. हे मागं ओढायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आधी माझ्यावर चिडले, मग शांभवीवर. शेवटी गुंडप्पा मेकॅनिकला बोलावलं. तो सीटखाली आडवा झाला, दांडा चारदा मागंपुढं केला.

"रूळ बराबर हाय, वैनी. दात झिजले न्हाईत. दांडा उचलल्याबिगर ही सीट हलत न्हाई."

"मग हलायली कशी?"

"कुणीतरी मागून रेटायलंय म्हणा," तो हसत म्हणाला. मग त्यानं सीटच्या पाठीकडे बघितलं. तिथं शेजारी शेजारी दोन वाटीएवढे खळगे पडले होते. त्यानं एकावर तळहात फिरवला आणि लगेच काढून घेतला. "गार लागायलंय," एवढं म्हणाला. पैसे न घेताच गेला. पुन्हा बोलावलं तर आला नाही.

मागचा तो खटका वर करा, असं मी ह्यांना सांगितलं होतं. त्यांनी करूनही दिला. मी स्वतः बघितला, वर होता. दुसऱ्या दिवशी भाजी काढायला दार उघडलं तर खाली. परत वर केला, परत खाली. मग मी त्या दाराला हात लावायचंच सोडलं.

शांभवी मात्र सोडेना. दुपारी माझा डोळा लागला की ही गाडीपाशी. काचेला नाक लावून काहीतरी बोलायची. एकदा तिच्या हातात अर्धा गूळ होता, उरलेला अर्धा काचेच्या फटीशी ठेवलेला.

"कुणाला देतीस गं?"

"आज्जाला. त्यांचे पाय दुखायलेत. मांडी मोडता येईना म्हणे."

मी तिला कडेवर घेतलं आणि घरात आणून दोन्ही दारांना कड्या लावल्या. ह्यांना सांगितलं, गाडी विकून टाका. हे म्हणाले, "दुष्काळात कोण घेतंय? अन् पाणी कशात आणू?" त्यांचंही खोटं नव्हतं. मी रडले, पण तिला कळू न देता.

मग तो बंदचा दिवस आला.

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा होता. आप्पांच्या जुन्या मागणीचा मोर्चा, म्हणून हे आणि भाऊजी सकाळीच गेले. सासूबाई घागर घेऊन टँकरच्या रांगेत. दुकानं बंद, रस्ता मोकळा, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. लांबून लाऊडस्पीकरवरच्या घोषणा येत होत्या, जिल्हा झालाच पाहिजे. शांभवी भिंतीवर कोळशानं घर काढत बसली होती.

टण्.

या वेळी ताटच वाजलं.

मी ताट सरकवलं, बादली लावली. तोटीतून आधी हवा आली, मग तांबडं पाणी, मग चांगलं. बादल्या, हंडे, कुकर, शांभवीचा आंघोळीचा टब, जे हाताला लागेल ते भरलं. पाण्याचा आवाज कितीतरी दिवसांनी घरात होता. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. धार करंगळीएवढी झाली तेव्हा हाक मारली.

"शांभवी, ये, पाय धू."

भिंतीवर घर अर्धंच होतं. खिळ्यावरची गाडीची किल्ली नव्हती.

कट् कट् कट् कट्.

लिंबाची सावली सरकून गेली होती. गाडी उन्हात होती. पत्र्याला हात लावला तर भाजला. काचा वरपर्यंत बंद. शांभवी मागच्या बाकड्यावर, डाव्या दाराशी, दोन्ही हातांनी आतली कडी ओढत होती. तोंड लाल, केस चिकटलेले. ती रडत होती, पण काचेतून नुसते ओठ दिसत होते.

मी बाहेरून दार ओढलं. कुलूपबंद. दुसरं ओढलं, पुढची दोन्ही ओढली. किल्लीचं बटण तिनं आतून दाबलं होतं.

"किल्ली कुठंय, सोन्या? किल्ली दाखव."

तिनं खाली बोट केलं. पुढच्या सीटखाली. सीट मागं होती, पार मागं, तिच्या हाताएवढीही फट नव्हती. आज सकाळीच ह्यांनी ओढली होती.

ह्यांना फोन लावला. वाजत राहिला. भाऊजींना लावला. घोषणा चालू होत्या. शेजारच्या दाराला कुलूप, पलीकडं कुलूप. मी गल्लीत उभी राहून ओरडले. माझाच आवाज भिंतींना लागून परत आला.

आत ती आता ओढत नव्हती. बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

मी वरवंटा आणला. पुढच्या काचेवर सगळ्या ताकदीनं घातला. काच वाजली, फुटली नाही. वरवंटा हातातून निसटून पायावर पडला. तो उचलला. पुन्हा घातला. नाही.

शांभवीची मान एका बाजूला कलली.

"आप्पा," मी म्हणाले. कसं तोंडातून आलं, माहीत नाही. "आप्पा, तुमच्या पाया पडते."

घोषणा थांबल्या.

आत पुढची सीट हलली. दातावर दात चढताना होतो तसा, एकेक आवाज करत ती पुढं गेली. डॅशबोर्डला टेकली. मागं जागा झाली. मोठ्या माणसानं पाय लांब करावेत एवढी.

शांभवी सरळ झाली. कुणीतरी बगलेत हात घालून बसवावं तशी.

मग कडी ओढली गेली. सैल वाजली नाही.

खटक्.

दार माझ्या अंगावर उघडलं. आतून जो वारा आला तो गार होता, खोदलेल्या विहिरीच्या तळाचा असतो तसा. शांभवी माझ्या हातात आली. मी तिला छातीशी दाबलं, आणि भीतीनं, पाठीनंच, दार धाडकन लावून टाकलं. मागं न बघता घरात पळाले.

तिला बादलीतलं पाणी पाजलं, डोक्यावर थापलं. ती प्याली. माझ्याकडे बघून "पुरे," म्हणाली. तेव्हा कुठं मी तिथंच ओल्या फरशीवर बसले.

तिचे तळवे गार होते. फ्रॉकला, पाठीमागं, दोन्ही बगलांखाली माती लागली होती. मी ती चिमटीत घेतली. ओली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात वावभर खोदलं तरी ओली माती लागत नव्हती.

संध्याकाळी हे आले. दुसऱ्या किल्लीनं गाडी उघडली. खटका खालीच होता. स्वतः आत बसून, दार लावून त्यांनी कडी ओढली. एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. सैल वाजत राहिली. शेवटी मी बाहेरून उघडलं तेव्हा घामानं निथळत उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतून उघडत न्हाई हे."

"मला माहीताय," मी म्हणाले.

सासूबाई चुलीपाशी विभूतीची डबी हातात धरून बसल्या होत्या.

आता शांभवी निजली की मी हे थोडं थोडं लिहिते. तिच्या अंगावर एक हात ठेवून. पाऊस अजून नाही. आप्पांची जागा मोकळी करून द्यायची असं ह्यांनी स्वामींना सांगून ठेवलं आहे, पण टिकाव अजून उडतोच आहे.

त्या बंदच्या दिवशी मी तिला पोटाशी घेऊन पडले होते. दिवे लागायची वेळ. अंगणात काही वाजत नव्हतं. मला वाटलं तिला झोप लागली. तेवढ्यात तिनं माझ्या हनुवटीला हात लावून तोंड स्वतःकडे वळवलं.

"आई, आज्जा पण उतरणार होते माझ्यामागं. एक पाय बाहेर ठेवले होते."

मी तिला थोपटत राहिले.

"तू दार का लावलीस?"

अंगणात एकदाच वाजलं. कट्.

"आता त्यांना बाहेरून कोण उघडणार?"