टोपीवाला रणगाडा

महिपत मुकादमाने लोखंड कापायची गॅसची ज्योत पेटवायला सांगितली, तेव्हा सुधीरने प्रमोदिनीचा हात घट्ट धरला. "हा तो रणगाडा नाहीच," तो कुजबुजला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतले मोडके रणगाडे भंगारात निघाले होते. सुधीरचे वडील हरिहर त्या भंगाराच्या वखारीचे व्यवस्थापक. त्यांची भाची प्रमोदिनी सुट्टीत डोंबिवलीहून आली होती. मामांच्या टेबलावर लष्कराने दिलेला एक फोटो होता. त्यातल्या रणगाड्यातले तोफगोळे काढले होते, म्हणून तोच आधी कापायचा होता.

समोरचा रणगाडा हुबेहूब तसाच दिसत होता. पोटाशी मोठी तोफ, वर फिरता घुमट. पण सुधीरला लढाईच्या चित्रांचा भारी नाद. फोटोतल्या घुमटावर टोपीसारखा आणखी एक छोटा घुमट होता, इथे तो नव्हता.

महिपत हसला. टोपी कुणीतरी काढली असेल, म्हणाला.

"मग घुमटाची मागची बाजू फुगीर कशी?" सुधीरने विचारलं. "फोटोत तसं नाही."

महिपतने दोघांना हाकललं. मामा स्टेशनावर गेले होते. सुधीर त्यांना आणायला धावत सुटला. एकटी राहिलेली प्रमोदिनी बघत होती. कापकाम करणारा दगडू पेटती ज्योत घेऊन रणगाड्याकडे निघाला होता. आत गोळे असले तर?

आपण काय करतोय हे कळायच्या आत ती रणगाड्यावर चढली. पत्रा उन्हाने तापला होता. खाली महिपत उतर म्हणून ओरडत होता. आपण कदाचित गोळ्यांवरच बसलोय, हे तिला कळत होतं, पण ती हलली नाही.

"दगडूकाका," ती कशीबशी म्हणाली, "आधी आत बघा. मग मी उतरते."

दगडूने ज्योत विझवली, वर चढून झाकण उचललं आणि आत डोकावला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पोरी, हळू उतर," तो म्हणाला. "गोळे आहेत."

मामा आले, त्यांच्या निरोपावरून पाठोपाठ लष्कराची गाडी आली. सगळ्यांना लांब नेऊन जवानांनी एकेक गोळा बाहेर काढला. मामांनी दोघांना जवळ घेतलं. महिपत मान खाली घालून उभा होता.

काम संपल्यावर घामाने भिजलेले जवानांचे सुभेदार प्रमोदिनीशेजारी बसले. तुम्हा दोघांमुळे आज माणसं वाचली, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली. अजून पाय थरथरताहेत."

सुभेदारांनी स्वतःचा हात पुढे धरला. तोही थरथरत होता.