जुळलेले एकच उत्तर

"लेकराले तुमची माया कळंल असं वागता का?" दामिनीने कागदावरून नजर न उचलता विचारले, आणि खाटेवर बसलेला तेजराम तिच्याकडे पाहत राहिला. पोटची पोर परक्या माणसाला विचारावे तसे विचारत होती... उत्तराला चार चौकटी होत्या: नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.

"नेहमी," तो हळूच म्हणाला. तिने खूण केली.

दामिनी भंडाऱ्याला एम.एड. करत होती. आईबापांना आपले वागणे कसे वाटते आणि तेच वागणे मुलांना कसे दिसते, हे मोजण्यासाठी तिने चाळीस प्रश्नांच्या दोन याद्या केल्या होत्या, एक पालकांची, एक मुलांची. शाळांमध्ये नेण्याआधी त्या कुणावर तरी पारखून पाहायच्या होत्या. मुलांची यादी तिने स्वतः लेक म्हणून बसमध्येच भरली होती. तेजरामला अक्षरओळख नव्हती, म्हणून तुमसरला येऊन ती त्याला प्रश्न वाचून दाखवत होती. वर्षातून दोनदा यायची, पाचच्या बसने परत जायची. आजही कामापुरतीच आली होती... तरी त्याने सकाळीच अंगण सारवून ठेवले होते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. दामिनीची आई जाऊन वर्षही झाले नव्हते आणि राईस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या तेजरामच्या थुंकीत रक्त दिसले. डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले. पोरीला बाधा नव्हती, पण तिला काही दिवस दूर ठेवा, असे ते म्हणाले. नऊ वर्षांच्या दामिनीला त्याने बपेऱ्याला बहिणीकडे, सुलोचनाबाईकडे, नेऊन सोडले. कारण मात्र बहिणीलाही सांगितले नाही. ती घाबरली तर? शाळेत पोरीच्या शेजारी कोणी बसले नाही तर? दर महिन्याला तो जायचा, आत्याच्या ओसरीच्या कडेला बसायचा आणि शाळा सुटण्याआधीच उठायचा, कारण पोर येऊन गळ्यात पडली असती तर तिला दूर लोटण्याचे बळ त्याच्यात नव्हते! दीड वर्षाने बरा होऊन तो तिला आणायला गेला, तेव्हा मी येत नाही, एवढेच बोलून ती घरात निघून गेली. पोर इथे सुखात आहे, असे त्याने स्वतःला समजावले आणि रिकाम्या हाताने परतला. पुढे बोलण्याची वेळ कधी आलीच नाही.

एकतिसावा प्रश्न आला. आपल्या निर्णयाचे कारण मुलाला समजावून सांगता का?

तेजरामने खाटेची सुतळी बोटाने ओढली. मग मान खाली घालून म्हणाला, "कधीच नाई."

दामिनीची लेखणी थबकली. तिने पिशवीतून स्वतःची यादी काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, आणि आतापर्यंतच्या प्रश्नांत दोघांचे एवढे एकच उत्तर जुळल्याचे सांगितले. मग कागद बाजूला सारले. "मंग आता सांगा, बाबा. मले काहून सोडलं होतं?"

आणि त्याने सांगितले. अडखळत, थांबत, सोळा वर्षे छातीत कोंडलेले सारे त्या दुपारी बाहेर पडले. दवाखान्याच्या गोळ्या, वेगळे ठेवलेले ताट, बपेऱ्याहून परतताना रस्ताभर ढाळलेली आसवे... ऐकता ऐकता दामिनीचा चेहरा पांढरा पडला.

"मले मालूम होतं तुमी येता, आत्या सांगत होती," ती कशीबशी म्हणाली. "तुमी येणार त्या दिवशी मी शाळेतून पळून येत होती. समोरच्या बोरिंगच्या हापशीमागं उभी राहून पाहत होती, बाबा मले हाक मारते का म्हणून. तुमी एकदाही मागं वळून पाह्यलं नाई."

"वळलो असतो तं मंग गेलोच नसतो, बाई..."

तिने त्याच्या गुडघ्यांवर डोके टेकले आणि हुंदके देऊन रडू लागली. त्याचा हात अवघडला, हवेत थांबला आणि मग तिच्या केसांवर स्थिरावला.

पुष्कळ वेळाने त्याने चाचरत विचारले, "तू लिवलेलं आता बदलते का?"

"नाई, बाबा." तिने डोळे पुसले. "लेकराले जे वाटलं तेच लिवावं लागते."

त्याने मान हलवली. पाचची बस चौकातून निघून गेल्याचा आवाज आला. दामिनी उठली नाही. चुलीकडे जाऊन तिने दोघांसाठी भात टाकला, डबे कुठे आहेत ते विचारत राहिली, आणि तो लहान मुलासारखा एकेक दाखवत राहिला.

पंचवीस वर्षांची लेक त्याला परत मिळाली होती. पण बपेऱ्याच्या त्या बोरिंगमागे बाबाच्या हाकेसाठी कान देऊन उभी राहिलेली नऊ वर्षांची पोर... तिला हाक मारायला आता तो कुठे जाणार होता?