राखणीची ऊब

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. उलट ज्या गोष्टी मी साफ बनवून सांगितल्या, त्या लोकांनी गपगुमान गिळल्या. अस्वलाला मी नुसतं शिंकून पळवलं, हे अजून चार जण एकमेकांना सांगतात आणि पाचवा म्हणतो, मी तिथं होतो. लाकूडतोड्यांच्या टोळीत माझं नाव थापाड्या पडलं ते उगीच नाही.

आता करवत हातात धरवत नाही. शेडमध्ये बसून करवतींच्या साखळ्यांना धार लावतो. उन्हाळा तोंडावर आला की नवी माणसं भरती होतात. त्यांना आगीचे नियम वाचून दाखवले तर ती जांभया देतात, म्हणून मुकादमबाई मला पुढं करतात. "काका, तुमच्या पद्धतीनं सांगा. घाबरली पाहिजेत." एवढं बोलून दर वर्षी त्या बाहेर जातात, करवती तपासायला. त्या घुम्याची मुलगी, आणि घुम्या म्हणजे माझा जोडीदार. जंगलात जळून गेला तो. त्यामुळे त्या बाहेर जातात ते बरंच असतं.

या वर्षी मात्र बाई गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी नेहमीसारखा बाकाच्या टोकाला बसलो होतो. शेजारी एका माणसाची जागा मोकळी. तिथं मी कुणाला बसू देत नाही, आणि का ते कुणी विचारत नाही. म्हाताऱ्याची खोड म्हणून सोडून देतात.

"गरम करवतीत पेट्रोल ओतायचं नाही," मी सुरुवात केली. "ओतायची जागा वेगळी, सुरू करायची जागा वेगळी. आणि शेवटची करवत बंद झाली म्हणजे काम संपलं, असं समजायचं नाही. ठिणगी पडली की लगेच भडका उडतो, हा शहरातल्या लोकांचा समज. ठिणगी लबाड असते. पाचोळ्यातून ती झाडाच्या मुळांत उतरते आणि मुकाट आत सरकत राहते. म्हणून बाकीचे खाली गेले तरी एकानं तासभर राखणीला बसायचं. मधून मधून उठून उजव्या हाताचा मोजा काढायचा आणि प्रत्येक बुडख्याला, मुळाला, मातीला उलटा हात लावून बघायचा. तळव्याला घट्टे असतात, त्याला काही कळत नाही. उलटा हात खोटं बोलत नाही."

"तुमचा पण?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

मग घुम्याची गोष्ट काढली.

तो दिवस कोरड्या वाऱ्याचा होता. उतारावरची झाडं पाडून झाली होती, फांद्यांचे ढीग वाळून खडखडीत झाले होते. राखणीची पाळी माझी. उताराच्या माथ्यावर एक सपाट दगड होता, तिथून सगळी तोड दिसायची. त्या दगडावर मी तासभर बसलो. एकूण एक बुडखा तपासला. सगळं थंडगार. मग खाली आलो. वाटेत घुम्या भेटला. जेवणाचा डबा वर विसरला होता, तो आणायला निघाला होता. मी म्हटलं, उद्या आण की. तो काही बोलला नाही. घुम्याच तो. मी शेडपर्यंत पोचतोय तोवर मागे वारा फिरला, आणि उतार खालून पेटला.

इथं मी नेहमी थोडा थांबतो. नवी माणसं बुटांकडे बघायला लागतात. त्या दिवशीही थांबलो. दाराकडे बघायचं टाळलं.

"पुढच्या वर्षी त्याच उतारावर रोपं लावायला गेलो," मी म्हटलं. "सकाळ ढगाळ होती, बोटं गारठून वाकत नव्हती. दम खायला म्हणून त्या दगडावर टेकलो आणि ताडकन उठलो. दगड कोमट होता."

"खाली निखारा असेल," उंच्या नावाचा एक नवा गडी म्हणाला.

मलाही तेच वाटलं होतं. कुदळ आणून दगडाभोवती खणलं. मुळं केव्हाच कोळसा झालेली, माती ओली आणि गार. धग खालून येत नव्हती. फक्त वरच होती, एका माणसाच्या बैठकीएवढी. ती आगीची धग नव्हतीच. कुणीतरी आत्ताच उठून गेलं म्हणजे खुर्ची कोमट लागते ना, तशी ऊब होती.

तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, थापाड्याच मी.

दुसऱ्या हंगामात दगड गार होता. मला हायसं वाटलं. परत येताना वाटेवरच्या आडव्या ओंडक्यावर बूट बांधायला बसलो, तर ओंडका उबदार. तेवढीच रुंदी. त्याच्या पुढं झऱ्याकाठचा कट्टा. मग शेडचा उंबरा. नेहमी खालच्या दिशेनं, नेहमी माझ्या घराकडं. कुणीतरी राखणीची जागा बदलत बदलत खाली येत होतं.

आता शेडमध्ये कुणी हसत नव्हतं. बाहेर कुणाची तरी करवत थांबली.

"मग एका दुपारी घरी आलो. बायको परसातून आत आली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, अहो, पाहुणे गेले पण? मला हाक तरी मारायची! मी म्हटलं, कसले पाहुणे? ती म्हणाली, खुर्ची गरम आहे की."

ती खुर्ची मी अंगणात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेच्या पायथ्याची कड उबदार लागली.

ट्रॅक्टरवाल्यानं विडी काढली होती. ती न पेटवताच परत खिशात ठेवली.

"त्यानंतरचं सांगतो. जेवून पडलो होतो. भरदुपार, दार उघडं, उजेड होता. डोळा लागला असेल नसेल, कपाळावर हात आला. वाटलं, बायको. पण बायको तळवा ठेवते.

"हा उलटा हात होता.

"कपाळावर थांबला. मग गळ्यापाशी आला. मग छातीवर. घाई नव्हती. एकेक जागा, नीट.

"मी डोळे उघडले नाहीत."

"मग?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. हसायचा प्रयत्न केला, पण आवाज चिरकला. "थंड लागलात का, काका?"

मी मांडीवरच्या साखळीवर कानस फिरवली.

"काका." दारातून आवाज आला.

मी मान वर केली. मुकादमबाई चौकट सोडून दोन पावलं आत आल्या होत्या.

"बाबांना ओळखायला मला नेलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "डाव्या हातात मोजा होता. कातडं आखडलं होतं, पण होता. उजव्या हातात नव्हता. उजवा मोजा पट्ट्यात खोचलेला होता, नीट घडी करून."

माझ्या हातातली कानस थांबली.

"डबा आणायला गेलेला माणूस एकच मोजा कशाला काढेल? आता तुम्हीच शिकवलंत यांना, उजवा मोजा कोण काढतं ते." त्यांनी नव्या माणसांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "पाळी तुमची होती. बसले बाबा. तुम्ही खोटं बोलताय, काका."

माझ्या मांडीवरची साखळी खाली घसरली. कुणी ती उचलली नाही.

बाई माझ्या बाकापाशी आल्या. वाटलं, मारतील, आणि त्यांनी मारावं असंही वाटलं. पण त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला, घडी केली, पट्ट्यात खोचला. वाकल्या. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर उलटा हात ठेवला. बराच वेळ ठेवला, बुडख्यावर ठेवतात तसा.

मग शेडमधल्या सगळ्यांवरून नजर फिरवून त्यांनी हळूच विचारलं,

"इथं कोण बसलं होतं?"